जुन्या फियाटची किंमत फॉरवर्डमध्ये ठरत नाही

गेले काही महिने एक मजकूर घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो चार नातेवाइकांकडून आला. थोडक्यात असा: "वाड्यामागे, गोठ्यात, सोसायटीच्या कोपऱ्यात आजोबांची फियाट, ॲम्बेसेडर नाहीतर जीप पडून असेल तर भंगारात देऊ नका. गाडी जितकी जुनी तितकी महाग. पन्नास वर्षं झाली की सरकारच तिला विंटेज मानतं आणि किंमत कुठल्या कुठे जाते. नेटवर लोक किती मागताहेत ते बघा, तीच तुमच्या गाडीची किंमत. विकण्याआधी रंगवून नवीकोरी करा, खर्चाच्या दुप्पट सुटतात. कागद नसले तरी हौशी माणूस घेतोच. परदेशात अशीच एक जुनी मर्सिडीज हजार कोटी रुपयांच्या वर गेली."

भंगारात देऊ नका, एवढं मला मनापासून मान्य आहे. पुढचं जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि त्याने लोकांचं नुकसान होताना मी घरात पाहिलं आहे.

माझ्या मामांकडे मिरजेला १९६७ची फियाट डिलाइट आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून एक गृहस्थ ती बघायला आले. रंग उडालेला, पण कंपनीतून आलेला होता. सीटचं रेक्झिन मूळचं, स्टिअरिंगवरची हॉर्नची रिंग शाबूत, जॅक आणि पाना-पेटी डिकीत, टीसी बुक (रस्ताकराची वही) कपाटात. त्यांनी तिथल्या तिथे किंमत सांगितली आणि टोकन द्यायला तयार झाले. मामांनी हा मजकूर वाचलेला होता, त्यामुळे त्यांना ती किंमत अपमानास्पद वाटली. गाडी एका गॅरेजला गेली. आठ महिन्यांनी ती झगझगीत लाल मेटॅलिक रंगात, नव्या सीट कव्हरांसह परत आली, आणि बिल आलं ते पुणेकरांच्या बोलीच्या निम्म्याहून जास्त. तेच गृहस्थ मामांच्या आग्रहाखातर पुन्हा येऊन गेले आणि पहिल्यापेक्षा कमी रक्कम सांगून म्हणाले, "मला जी गाडी हवी होती, ती आता राहिली नाही." मामा त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

"जितकी जुनी तितकी महाग" इथूनच सुरुवात करू. किंमत वयाला मिळत नाही, ती हवी असणाऱ्या माणसाला मिळते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनवायला घेतली ती पन्नासच्या दशकात. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती गोल पाठीची गाडी, जिला आपल्याकडे सगळे डुक्कर फियाट म्हणतात. १९६४ला डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तीच आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, आणि पद्मिनी या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. बाहेरच्या माणसाला यातल्या निम्म्या गाड्या एकसारख्या दिसतात. घेणाऱ्याला तशा दिसत नाहीत. त्याच्या वडिलांकडे डिलाइट असेल तर तो डिलाइटच शोधतो. तुमची गाडी तिच्यापेक्षा दहा वर्षं जुनी असली तरी त्याला तिचं काही नसतं.

उलटही घडतं. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरातली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या दिवसांत किती लोकांना आपलं बालपण आठवलं हे सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. ज्या गाडीकडे कुणी मान वळवून बघत नव्हतं तिच्याबद्दल एकदम चौकशी सुरू झाली, ती गाडी वयाने कमी असूनही. दुर्मीळपणाचंही तसंच. बंगळुरूची फायबर बॉडीची सिपानी डॉल्फिन आज शोधून सापडत नाही. पण तिच्यामागे धावणारे लोकही थोडे आणि सुटे भागही सापडत नाहीत, त्यामुळे विकायला निघालात तर योग्य माणूस भेटेपर्यंत वाट बघावी लागते.

आता "सरकार विंटेज मानतं" हा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, पण ती मूळ स्वरूपात असायला हवी. चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे डिझेल इंजिन बसवलेली ॲम्बेसेडर साठ वर्षांची असली तरी तिथे अडचण आहे. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५ हजार आणि मुदत पाच वर्षं. गाडी आधीच नोंदलेली असेल तर तिचा जुना नंबर तसाच राहू शकतो, आणि हौशी लोकांना १९८९च्या आधीचा तो छोटा नंबर फार प्रिय असतो.

मजकूर लिहिणाऱ्याने एक गोष्ट मात्र गाळली. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर पडू शकते. रविवारी सकाळी बायको-मुलांना घेऊन लोणावळ्याला जायचं स्वप्न बघणाऱ्याला ही नोंदणी नको असते. त्याला साधं, मुदतीत असलेलं आरसी हवं असतं. ज्याला रॅलीतच उतरवायची आहे त्याला ती चालते. तेव्हा हा शिक्का किमतीत आपोआप भर घालत नाही. तो फक्त तुमचा गिऱ्हाईक कोण हे बदलतो. आधी घाईने नोंदणी बदलून मग विकायला निघू नका, घेणाऱ्याला ठरवू द्या.

सगळ्यात जास्त घोळ घातला आहे तो "नेटवर मागताहेत तीच किंमत" या वाक्याने. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. सौदा कितीला ठरला हे जाहिरात कधीच सांगत नाही. एकच गाडी सहा-सहा महिने त्याच आकड्याला पडून दिसते, याचा अर्थ त्या आकड्याला कुणी घेतलेली नाही. तरी पुढचा माणूस तोच आकडा बघून आपल्या गाडीला लावतो, त्याच्यापुढचा आणखी थोडा चढवतो, आणि न विकलेल्या गाड्यांची एक रांग तयार होते. मी अंदाज करतो तो असा: एक वही घेतो. ज्या मॉडेलची किंमत काढायची त्याच मॉडेलच्या जाहिराती लिहून ठेवतो. वर्ष, कितवा मालक, कागद, रंग मूळचा की नवा, मागितलेली रक्कम. जाहिरात उतरली की त्या माणसाला फोन करून सरळ विचारतो, गाडी गेली का, कितीला गेली. दहांतले चार-पाच जण मोकळेपणाने सांगतात, विशेषतः विकून झाल्यावर. शिवाय जुन्या गाड्यांच्या क्लबमधली माणसं, त्याच मॉडेलवर आयुष्य घालवलेला फिटर, आणि नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुटे भाग विकणारे, यांना खरे सौदे माहीत असतात. दलालाची बोली त्याच्या नफ्याला जागा ठेवून आलेली असते, तिला तळाचा आकडा समजावं. अशी पाच-सहा खरी उदाहरणं हाताशी आली की तुमच्या गाडीची किंमत एका आकड्यात नाही, एका पट्ट्यात दिसायला लागते. त्या पट्ट्यात आपण कुठे बसतो हे गाडीची तब्येत ठरवते.

काहीजण विमा पॉलिसीतला आकडा दाखवतात. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. हप्ता कमी यावा म्हणून ती बहुतेकदा कमीच लिहिलेली असते. तिच्यावरून विक्रीचा अंदाज काढू नका.

"नवीकोरी करा, दुप्पट सुटतात." मामांची गोष्ट सांगितलीच आहे, आता हिशेब मांडतो. समजा आहे त्या अवस्थेत गाडीला दोन लाख मिळतात, आणि त्याच मॉडेलची उत्तम राखलेली गाडी पाच लाखांना जाते. वरकरणी मधले तीन लाख आपलेच वाटतात. पण डिलाइट आणि पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच सांगाडा. कोकणच्या दमट हवेत किंवा चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीचं फ्लोअर, दरवाज्याखालच्या पट्ट्या, डिकीचा तळ आणि पुढच्या सस्पेन्शनजवळचा पत्रा सडलेला असतो, आणि हे रंग खरवडल्याशिवाय कळत नाही. पत्र्याचं काम सुरू झालं की ते कुठे थांबेल हे चांगला कारागीरही आधी सांगत नाही. मग क्रोम, बीडिंग, काचांची रबरं, मीटर. तीन लाखांत हे बसलं तरी हाती काय उरलं? आणि ज्याला गाडी स्वतः उभी करायची असते तो हौशी माणूस नव्या रंगाकडे संशयानेच बघतो. आत पत्र्याऐवजी भरलेली पुट्टी किती आहे? कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक तो मडगार्डवरून फिरवतो. जिथे ते धरत नाही तिथे त्याची बोली उतरते. उडालेल्या मूळ रंगात लपवालपवी नसते, म्हणून त्याला जास्त पैसे मिळतात.

विकण्याआधी खर्च करायचाच असेल तर गाडी चालू होईल एवढा करा. टाकी आणि कार्बोरेटर साफ, ब्रेक धरतात, बॅटरी नवी, सेल्फ मारला की सुरू होते. बंद गाडी आणि चालू गाडी यांच्या किमतीत फार मोठी तफावत असते, आणि हे काम तुलनेने स्वस्तात होतं. धुऊन घ्या. रंगाला हात लावू नका.

कागदांबद्दल तो मजकूर जे म्हणतो ते मला सगळ्यात धोकादायक वाटतं. कागद नसलेली गाडी घेणारा माणूस ती सुट्या भागांच्या भावाने घेतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्या गेलेल्या माणसांच्या नावावर आहेत. आजोबांचं नाव आरसीवर असेल तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतरण, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. त्यानंतर विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ची एनओसी. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपून नूतनीकरण राहिलं असेल तर ते आणि पर्यावरण कर. पेन्सिलीने घासून इंजिन नंबर आणि चॅसी नंबरची छाप घ्या आणि आरसीशी ताडून बघा. नंबर जुळणारी गाडी आणि न जुळणारी गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दिसायला सारख्या असल्या तरी. माझ्या मते भावंडांच्या सह्या गोळा करण्यात घातलेला महिना रंगात घातलेल्या लाखापेक्षा जास्त परत देतो. खरेदीची मूळ पावती, जुनी विमापत्रं, गाडीजवळ उभ्या आजी-आजोबांचा फोटो, हेही एका फाइलमध्ये लावा. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला निघणाऱ्या मेबॅक मोटारीला जे मोल आहे ते ती कुणाची होती, कुठे राहिली हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेही आहे. आपल्या फियाटचा इतिहास लहान आहे, पण तो लिहिलेला असला तर घेणाऱ्याला विश्वास वाटतो.

राहिली परदेशातली मर्सिडीज. २०२२मध्ये १३.५ कोटी युरोंना विकली गेलेली ती गाडी म्हणजे ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे; तशा जगात दोनच आहेत, आणि ती थेट मर्सिडीजच्या स्वतःच्या संग्रहातून आली. हजारोंच्या संख्येने बनलेल्या घरगुती गाडीशी तिचा काही संबंध नाही.

मामांची डिलाइट अजून मिरजेतच आहे. गेल्या दिवाळीत माळा आवरताना एका पोत्यात तिची जुनी क्रोमची पट्टी, मोनोग्राम आणि दोन मूळ व्हीलकॅप सापडले. गॅरेजवाल्याने काढून दिले होते आणि मामीने फेकले नव्हते. मी ते रॉकेलने पुसून, कागदात गुंडाळून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून ठेवले आहेत. पेट्रोलच्या टोपणाखाली मूळ फिकट निळ्या रंगाचा बोटभर तुकडा अजून शिल्लक आहे, त्याचाही फोटो काढला आहे. पुढचा माणूस गाडी बघायला आला की आधी हे पोतं आणि तो फोटो दाखवायचा, लाल रंग नंतर, असं मामांनी आणि मी ठरवलं आहे.