बुशला लाल ग्रीस: त्या मेसेजमधलं खरं किती?

मृग लागायच्या आधी आमच्या नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला, त्यात माझा मेहुणाही आला. मजकूर थोडक्यात असा: "पावसाच्या पाण्यानं सस्पेन्शनचे बुश खराब होतात. पावसाळ्याआधी सगळ्या बुशांना वॉटरप्रूफ लाल ग्रीस भरा, तेच सगळ्यात टिकाऊ. ग्रीस नसेल तर डब्ल्यूडी-४० मारा. दहा वर्षं बुश बदलायचं काम नाही. शोरूमवाले हे सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बसतो."

बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यात बसवलेलं, बहुधा रबराचं, गादीसारखं कडं. आधी पाण्याचं बघू. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा माझी गाडी अर्ध्या दारापर्यंत पाण्यात उभी होती. कार्पेट गेलं, वायरिंग गेलं, व्हील बेअरिंग घुरघुरायला लागलं. बुश मात्र होते तसेच. रबराला पाण्याचं वावडं नसतं. त्याला खातं ते ऊन, हवेतला ओझोन, वर्षानुवर्षांचं पिळणं आणि तेल. आणि साधं ग्रीस म्हणजे साबणानं धरून ठेवलेलं तेलच की!

"सगळ्या बुशांना" हा खरा घोळ. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, बुश बघा. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मधलं रबर दोन्हींना कारखान्यातच पक्कं चिकटवलेलं. चाक वर-खाली होतं तेव्हा तिथं काहीच घसरत नाही, रबर पिळतं आणि परत जागेवर येतं. ग्रीस लागतं ते घासणाऱ्या दोन भागांच्या मध्ये. इथं मध्ये फटच नाही, तर भरता कुठं? बाहेरून थापलेलं ग्रीस धूळ धरतं, आणि त्यातलं खनिज तेल हळूहळू रबरात मुरतं.

हा शहाणपणा मी स्वतः करून बसलोय. आधीच्या गाडीला दर दोन महिन्यांनी खाली शिरून ग्रीस थापायचो, मोठ्या अभिमानानं. वर्षभरानं ब्रेक मारला की 'खट्' व्हायला लागलं. मेकॅनिकनं आर्म काढून हातात दिला. रबर कड्याबाहेर फुगून आलं होतं. नख दाबलं तर खूण तशीच राहिली. तो म्हणाला, "काय लावून राह्यले होते भाऊ याले? हे रबर नाही राह्यलं, भिजलेली खारीक झाली."

ग्रीस मारायची सवय आली कुठून, तर अ‍ॅम्बॅसेडर, ट्रक आणि ट्रॅक्टरवरून. तिथं पिना फिरतात आणि ग्रीस आत सोडायला छोटं तोंड, म्हणजे निपल, दिलेलं असतं. निपल असेल तर ग्रीसगन लावायचीच, त्यात वाद नाही.

आता लाल रंग. तो नुसता रंग आहे, कुठल्याही ग्रीसमध्ये टाकता येतो. डब्यावरचा २ हा आकडाही घट्टपणाचा, दर्जाचा नव्हे. पाण्यात काय टिकतं हे बघायचं असेल तर डेटाशीटमध्ये 'वॉटर वॉशआउट' शोधा. ग्रीस भरलेल्या फिरत्या बेअरिंगवर तासभर पाण्याची धार सोडतात आणि किती टक्के वाहून गेलं ते मोजतात. आकडा जितका कमी तितकं बरं. कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस यात साध्या लिथियमच्या सहसा पुढं असतं. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोकं धरणाऱ्या शॅकल पिनांना ते खुशाल भरा. पण त्यातही बहुधा खनिज तेलच असतं, म्हणजे रबराला तेही नको.

मेसेज अर्धा खरा ठरतो तो पॉलियुरेथेनच्या, म्हणजे रबरापेक्षा कडक अशा प्लॅस्टिकच्या, बुशांपुरता. थार, जिप्सीवाले हौसेनं बसवतात ते. यात आतली नळी खरंच बुशात फिरते, म्हणून ग्रीस नसेल तर प्रत्येक स्पीडब्रेकरला जुन्या दारासारखी कुरकुर. इथं घट्ट, चिकट सिलिकॉन ग्रीस लागतं, टेफ्लॉन घातलेलं असेल तर उत्तम. ते पाण्यानं सहजी धुऊन जात नाही आणि उन्हात पातळ होऊन गळत नाही. बुशसोबत पुडी आली असेल तर तीच वापरा. मात्र नळी बाहेर काढून आतून लावायचं, बाहेरून चोपडून काही होत नाही. हेच ग्रीस बॉल जॉइंटला भरू नका, लोखंडावर लोखंड घासतं तिथं सिलिकॉन कच्चं पडतं.

डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला, गंजलेला नट सोडवायला झकास. बुशवर मारलं की आवाज दोन दिवस बंद होतो, मग त्यातलं पातळ द्रावण उडून जातं आणि कुईंकुईं परत सुरू.

दहा वर्षांचं म्हणाल, तर बुशचं आयुष्य ग्रीसपेक्षा बोल्ट कसा आवळला यावर जास्त अवलंबून असतं. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय, अशात आर्मचा बोल्ट कसला की गाडी खाली उतरताच रबर पिळलेलं राहतं, आणि मग उभ्या गाडीतही पिळलेलंच. शेवटचा कस गाडी चाकांवर उभी असताना द्यायचा. गॅरेजमध्ये उभं राहून बघा, किती पोरं हे करतात.

शोरूमवाल्यांची बाजू घ्यायची मला हौस नाही. नुसत्या बुशसाठी अख्खा आर्म बदलायला लावतात, तेव्हा माझंही डोकं फिरतं. पण चिकटवलेल्या रबरी बुशला ग्रीस मारायला ते सांगत नाहीत, कारण तिथं मारायला जागाच नाही. तुमच्या गाडीत कुरकुर असेल तर ग्रीसच्या आधी पाण्याची बाटली घ्या. एकानं बोनेट दाबून गाडी हलवायची, दुसऱ्यानं एकेका बुशवर पाणी ओतायचं. ज्याच्यावर पाणी पडताच आवाज थांबेल, तोच बुश. बऱ्याचदा तो स्टॅबिलायझर बारचा (वळणावर गाडी कमी कलू देणाऱ्या दांड्याचा), दोन-तीनशे रुपयांचा निघतो.