चहा चालत नाही, कोक चालतो

मंद्या चार वर्षांनी अमेरिकेतल्या युटाहून आलाय. कट्ट्यावर टेकला आणि लागोपाठ दोन कटिंग मारले.

"आमच्या गल्लीत आमचं सोडून सगळी घरं मॉर्मन, म्हणजे तिथल्या एका ख्रिस्ती पंथाची. चहा-कॉफी वर्ज्य. १८३३ साली पंथाच्या संस्थापकाला, जोसेफ स्मिथला साक्षात्कार झाला, गरम पेयं घेऊ नका. म्हणजे चहा-कॉफी, असा अर्थ लावला. आता थंडगार कॉफीही चालत नाही, पण वाफाळतं हॉट चॉकलेट चालतं. कोक तर बादलीभर पितात."

सुन्याला एवढं निमित्त पुरलं. "अरे, चहाचं काय घेऊन बसलास! या स्मिथकडे देवदूत येतो, मजकूर कोरलेले सोन्याचे पत्रे दाखवतो. हा टोपीत दगड टाकतो, टोपीत तोंड खुपसून मजकूर सांगतो, १८३० ला त्यांचा धर्मग्रंथ छापून तयार. पत्रे कुठायत? देवदूत परत घेऊन गेला!"

"टोपीचं आता चर्चही मान्य करतं," मंद्या म्हणाला.

नाना पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आणि रेड्यानं वेद म्हटले तेव्हा तू पैठणला होतास का रे?"

"नाना, रेडा तपासता येत नाही. इथे कागद सापडलाय!" स्मिथने १८३५ मध्ये ममींबरोबर इजिप्तचे पपायरसचे जुने कागद विकत घेतले आणि हे बायबलमधल्या अब्राहमचं लिखाण म्हणून भाषांतर केलं. ते आजही त्यांच्या धर्मग्रंथांत आहे. पुढे १९६७ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधून त्यातले तुकडे चर्चच्या हाती आले. जाणकारांनी वाचले, तर मेलेल्या माणसाबरोबर पुरायचे नेहमीचे मंत्र. अब्राहमचा पत्ता नाही.

सुन्या खूश. मला मात्र यात फारशी मजा येत नाही. कुणाचाही चमत्कार बाहेरून बघितला की हसूच येतं. स्मिथच्या तीस-चाळीस बायका, त्यातली एक चौदा वर्षांची, ही जास्त गंभीर गोष्ट. बहुपत्नीत्व त्यांनी १८९० ला सोडलं, तेही सरकारने मालमत्तेवर टाच आणल्यावर.

वैभवी सीए आहे. तिचा प्रश्न वेगळाच. "चर्चला दहा टक्के देतात ना? ग्रॉसवर की नेटवर?"

मंद्या हसला. "तोच वाद तिथेही चालतो. चर्च म्हणतं, उत्पन्नावर. पुढचं ज्याचं त्यानं ठरवायचं."

"आणि हिशेब?"

"अमेरिकेत लोकांना दाखवत नाहीत." २०१९ ला आतल्याच एका माणसाने फोडलं, की चर्चच्या गुंतवणूक कंपनीत १०० अब्ज डॉलरच्या आसपास साठलेत. २०२३ मध्ये शेअर बाजाराच्या नियामकाने चर्च आणि ती कंपनी मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला. १३ नावापुरत्या कंपन्या काढून शेअर लपवले होते.

"१०० अब्जांवर ५० लाख? लेट फी झाली ही," वैभवी म्हणाली.

मंद्याला मात्र हे सगळं एकतर्फी वाटत होतं. "बायको बाळंत झाली तेव्हा दोन आठवडे घरात स्वयंपाक करावा लागला नाही. रोज कुणीतरी डबा घेऊन दारात. वॉर्डाचा बिशप, म्हणजे आमच्या भागातला चर्चप्रमुख, दिवसा दवाखान्यात लोकांचे दात काढतो, संध्याकाळी फुकट चर्चचं काम करतो. सोसायटीचं सेक्रेटरीपद फुकट करायला आपल्यात कोण तयार होतं, सांग."

यावर कुणी बोललं नाही.

"पण तोच बिशप मुलाखत घेतो," तो स्वतःच पुढे म्हणाला. "त्यांच्या मंदिरात जायला कार्ड लागतं. दशांश पूर्ण देता का, चहा-दारू नाही ना, सगळं विचारतात. बिशपच्या वरचाही एकजण हेच पुन्हा विचारतो. लग्न मंदिरात, कार्ड नसेल तर आईबापही बाहेर. मी बघितलंय. बागेत नटूनथटून बसलेली माणसं, दार कधी उघडतंय याची वाट बघत. नवरानवरी बाहेर आली की हसून फोटो."

पोराच्या अक्षता बागेत बसून! आमच्यात रुसलेल्या मामाला गाडी पाठवून आणतात.

"काळ्यांना तरी मंदिरात घेतात का?" वैभवीने विचारलं.

"१९७८ पासून. त्याआधी काळ्या पुरुषांना पौरोहित्यही नव्हतं."

नानांनी पेपर खाली ठेवला. "१९७८? पंढरपूरला विठोबाचं दार उघडावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले ते १९४७ ला."

"बघा! आता तुम्हीच बोला," सुन्या म्हणाला.

"आणि बायकांना पौरोहित्य?" वैभवी.

"अजून नाही. मुलग्यांना बारा पूर्ण होणार त्या वर्षाच्या जानेवारीपासून. बायकांनाही द्या म्हणून चळवळ करणाऱ्या केट केलीला २०१४ ला चर्चमधून काढलं." मंद्याने तिसरा कटिंग सांगितला. मग जरा वेळाने म्हणाला, "आठव्या वर्षी बाप्तिस्मा असतो. आमची ओवी आठची झाली. वर्गातल्या दोन मैत्रिणींचा झाला, पांढरे कपडे, केक, आजीआजोबा. विचारायला लागली, माझा कधी?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, आपल्यात तसं नसतं. आपल्यात मुंज असते."

"मग?"

"मग म्हणाली, बरं, माझी मुंज कधी?"