पाटीवरची चौथी पिढी

माझ्या क्लिनिकच्या पाटीवर दहा वर्षं लिहिलेलं होतं, "कावीळ चिकित्सा, परंपरा चौथी पिढी". गेल्या गणपतीत आत्या पनवेलला आली, पाटी वाचली आणि हसायलाच लागली. म्हणाली, "चौथी कुठली रे? तुझ्या आजोबांना औषध त्या कातकरी बाबाने दाखवलं. त्याआधी आपल्या घरात भुईआवळी आणि गवत यातला फरक कोणाला कळत होता?"

मी गार. कारण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट वेगळी, पणजोबांना नाथांचा दृष्टांत झाला वगैरे. रविवारी पहाटे ओटीवर रांग, अनशापोटी ताकातून औषध, तेल-तिखट बंद, पैसे घ्यायचे नाहीत, देवापुढे नारळ ठेवा. ज्या झाडाचं घ्यायचं त्याला आदल्या संध्याकाळी सुपारी-अक्षता ठेवून आवतण द्यायचं (आजोबा तेव्हा चप्पल काढायचे, ते मला अजून दिसतं), सगळी जागा ओरबाडायची नाही, थोडी रोपं बी पडायला सोडायची. आत्या म्हणते हे सगळे नियम त्या बाबाचेच, नारळ तेवढा आपला.

नियम नसला की काय होतं ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याचं बघा, कॅन्सरच्या औषधासाठी लागतो म्हटल्यावर झाडंच्या झाडं तोडून नेली.

आणि गंमत म्हणजे १९९५ ला अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिलं, डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते लढवलं आणि १९९७ ला रद्द झालं, हे मी पेशंटला छाती फुगवून सांगतो!! आणि स्वतःच्या पाटीवर काय केलेलं?

सतराव्या शतकात केरळात व्हॅन ऱ्हीड नावाचा डच अधिकारी होता, संत वगैरे अजिबात नाही, डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. त्याने 'हॉर्टस मलबारिकस' काढलं, १६७८ पासून १२ खंड, आणि पहिल्याच खंडात इट्टी अच्युतन या एळवा जातीतल्या वैद्याचं नावानिशी निवेदन छापलं, शिवाय रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट या तीन कोकणी वैद्यांचंही, तेही नागरी लिपीत. म्हणजे परक्या कंपनीच्या माणसाला जमलं आणि आमच्या घराला शंभर पावलांवरच्या वाडीतल्या माणसाचं नाव लक्षात ठेवता आलं नाही.

हल्ली पूर्वजांचा वारसा, भूमीशी नातं अशी हीलिंगची वर्कशॉप्स निघतात, धरतीमातेची परवानगी घेऊन सुरुवात करतात. मला त्याचं हसू येत नाही, परवानगी मागणं चांगलंच. पण आम्ही पण झाडाला सुपारी दिलीच होती की, माणसाला काय दिलं?

(कावीळवाल्यांनो, मेसेज करण्याआधी रक्त तपासा. कावीळ सगळी एकाच कारणाने होत नाही, पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर माझ्या ताकाने काही होणार नाही. आजोबासुद्धा दुसऱ्या रविवारी उतार दिसला नाही की तालुक्याला पाठवायचे.)

विसर्जन झाल्यावर आत्याला घेऊन वाडीवर गेलो. पावसाळा म्हणून माणसं होती, दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर असते. घराखालची जमीन अजून कोणाच्याच नावावर नाही. बाबाची नात भेटली, माझ्याच वयाची. तिने नाव सांगितलं. इथे लिहीत नाही, कारण फेसबुकवर टाकू का हे विचारायचं राहून गेलं.

मी मोठ्या तोंडाने म्हटलं, दर महिन्याला हिस्सा देतो. ती म्हणाली पैशाचं नंतर बघू, ओढ्याकडची औषधाची ती जागा आता फार्महाऊसच्या कंपाउंडात गेलीय, वॉचमन आम्हाला आत सोडत नाही, तू डॉक्टर आहेस, तुझं ऐकतील, तेवढं बोल.

येत्या रविवारी जातोय बोलायला. पाटीवरची ती ओळ सध्या तरी खरवडून टाकलीय.