कडवटपणाचे श्रेय एकट्या मातीला नको
कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्गच्या) कॉफीचा कडवटपणा तिथल्या मातीतून येतो, हे तुमच्याकडच्या कॉफीवरील लेखातले विधान मला पटले नाही. कोडगूत रोबस्टा या कॉफीच्या जातीची लागवड मोठी आहे आणि तिच्या बियांत कडू चवीचे कॅफीन अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळजवळ दुप्पट, शिवाय भाजल्यावर कडवटपणा वाढवणारी क्लोरोजेनिक आम्लेही अधिक असतात. म्हणजे जातीचा गुण आपण प्रदेशाच्या नावावर खपवतो. प्रदेशाचा खरा हात दिसतो तो उंचीत. चिकमगळूरच्या एका मळ्यात डिसेंबरमध्ये खालच्या उतारावर लालबुंद फळांची तोडणी चालू होती, तर वरच्या उतारावर त्याच अरेबिकाच्या झाडांवर ती अजून हिरवीच होती. थंड हवेत फळ सावकाश पिकते, बी भरायला जास्त अवधी मिळतो आणि तो फरक, विशेषतः दूध न घालता प्यायल्यास, जिभेला स्पष्ट कळतो. लेखात उंचीचा साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.