वेर्झास्काच्या काठावरून भुशी डॅमकडे

जुलै उजाडला की पुणे जिल्ह्यातला पावसाळी पर्यटनाचा बंदी आदेश घरच्या ग्रुपवरून माझ्यापर्यंत झुरिकला येऊन पोचतो. त्यातली भाषा आता पाठ झाली आहे. खोल पाण्यात उतरू नये, धबधब्याखाली बसू नये, धोक्याच्या जागी सेल्फी आणि रील काढू नयेत, मद्यपान करू नये. पूर्वी हे १४४ कलमाखाली असायचं, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली असतं. आदेशाच्या मागोमाग वाद सुरू होतो. तळेगावचा माझा मावसभाऊ म्हणतो, "दोन महिने सगळं बंद करा, हुल्लडबाजांना दुसरी भाषा कळत नाही." भुशी डॅमच्या रस्त्यावर ज्यांची भजी आणि मक्याच्या कणसांची गाडी आहे त्यांचं म्हणणं असतं, "आमचं वर्षाचं पोट या दोन महिन्यांवर आहे." कॉलेजात जाणारा भाचा चिडतो, "सह्याद्री आमचा आणि बंदी आम्हालाच?"

तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण या वादात माणसांबद्दल भरपूर बोललं जातं आणि पाण्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. मला पाण्याबद्दल बोलायचं आहे, कारण गेली काही वर्षं उन्हाळ्यात मी ज्या नदीवर जाते तिथे सगळं बोलणं पाण्यापासून सुरू होतं.

ही नदी वेर्झास्का. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, इटालियन बोलणाऱ्या तिचिनो प्रांतात. झुरिकहून आगगाडी गोटहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून पलीकडे निघाली की हवा बदलते, पाट्यांची भाषा बदलते. तेनेरोजवळ दरीचं तोंड आहे. तिथे २२० मीटर उंचीचं धरण नदीला अडवून उभं आहे. १९६५ पासून त्यामागे व्होगोर्नोचा जलाशय आहे. पोस्टाची पिवळी बस वळणं घेत वर चढते, जलाशय मागे पडतो आणि मग मोकळी वाहणारी नदी दिसते. रस्ता सोनोन्यो या शेवटच्या गावात संपतो. तिथून काठाकाठाने लावेर्तेत्सोपर्यंत उतरत यायला रमतगमत चालणाऱ्याला चार तास पुरतात.

सुरुवातीला दरी रुंद आहे, कुरणं आहेत, चिरेबंदी घरांवर दगडी फरशांची छपरं आहेत. ब्रिओनेच्या खाली ती आवळत जाते आणि नदी कातळात शिरते. हा कातळ नाइस नावाच्या दगडाचा, करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. आपल्या काळ्या बसाल्टची सवय असलेल्या डोळ्यांना तो कुणीतरी घासूनपुसून ठेवल्यासारखा वाटतो. हजारो वर्षं वाहून आलेल्या गोट्यांनी त्यात गोल रांजण कोरले आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना इथे वेगळं काही समजावून सांगायला नको, पाण्याने तेच काम दुसऱ्या दगडात केलेलं आहे. पाण्याचा रंग पाचूसारखा हिरवा. ते इतकं नितळ असतं की चार मीटर खोलीवरचा दगड हाताशी असल्यासारखा दिसतो. नवख्या माणसाला फसवणारी पहिली गोष्ट हीच. लावेर्तेत्सोला सतराव्या शतकातला दोन कमानींचा दगडी पूल आहे, त्याच्याखाली मोठा डोह आहे. उन्हाने तापलेल्या कातळावर बायाबापड्या, पोरंटोरं, म्हातारी जोडपी पसरलेली असतात.

पहिल्यांदा त्या पाण्यात पाय घातला तेव्हा घोट्यापासून वर कळ गेली. भर उन्हाळ्यातही हे पाणी दहा-पंधरा अंशांच्या आसपास असतं, वर डोंगरातला बर्फ वितळून आलेलं. उन्हात तापलेलं अंग एकदम अशा पाण्यात गेलं की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जातं. पहिलं मिनिट निभावलं तरी थोड्या वेळाने हातपाय जड होतात आणि उत्तम पोहणाऱ्यालाही काठ गाठता येत नाही. म्हणून आधी हातपाय, मग मान, मग छाती भिजवायची, हळूहळू उतरायचं आणि थंडी वाजायला लागायच्या आत बाहेर यायचं. हे मला कोणा तज्ज्ञाने सांगितलेलं नाही, काठावरच्या फलकावर लिहिलेलं होतं.

त्या फलकांसाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला. पोहायच्या जागांजवळ ते लावलेले आहेत, इटालियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा भाषांत आणि चित्रांत. नदी इथे नेमकं काय करते ते त्यांत सांगितलेलं असतं. पाणी कातळाखाली कुठे शिरतं, छोट्या धबधब्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरून माणसाला का धरून ठेवतं, वर डोंगरात वादळ झालं तर इथे ऊन असतानाही पाणी कसं वाढतं. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते माणसाला नीट उचलून धरत नाही, हेही तिथेच कळतं. "नियमभंग करणाऱ्यावर कारवाई" हे वाक्य मला काही सापडलं नाही. उन्हाळ्यात गस्त घालणारी माणसंही असतात. ती शिट्टी फुंकून हाकलत नाहीत. कातळावर येऊन सांगतात की आज या बाजूने उतरू नका, पलीकडून उतरा.

शाळाही यात आहे. माझ्या मुलीच्या शाळेत पोहण्याची एक साधी चाचणी झाली. काठावरून गडगडत खोल पाण्यात पडायचं, एक मिनिट जागच्या जागी तरंगायचं, मग ५० मीटर पोहायचं. वेळ लावत नाहीत, शैली बघत नाहीत. अचानक पाण्यात पडलेलं मूल जिवंत काठाला लागेल की नाही एवढंच तपासतात. जर्मन भाषक प्रांतांच्या शालेय अभ्यासक्रमात हे आहे. या देशाची जीवरक्षक संघटना १९३३ पासून काम करते आहे आणि तिचे पाण्यात उतरण्याचे सहा नियम इथल्या मुलांना पाढ्यांसारखे येतात. तापलेल्या अंगाने पाण्यात उडी मारायची नाही, गढूळ किंवा अनोळखी पाण्यात सूर मारायचा नाही, वगैरे.

या सगळ्याच्या मुळाशी कायद्याचा एक विचार आहे. १९०७ च्या स्विस नागरी संहितेचं ६९९ वं कलम जंगलात आणि कुरणात जाण्याचा हक्क प्रत्येकाला देतं. अपवाद करता येतो, पण तो ठरावीक जागेपुरता. १९७९ च्या सार्वमताने तर पायवाटा थेट राज्यघटनेत आल्या. पुढे झालेल्या कायद्यानुसार एखादी वाट रस्त्याखाली गेली तर तिच्या बदल्यात दुसरी द्यावी लागते. ६५ हजार किलोमीटरच्या आसपास खुणा केलेल्या वाटा या छोट्याशा देशात आहेत. पिवळ्या पाटीवर अंतर लिहीत नाहीत, चालायला लागणारा वेळ लिहितात. डोंगराच्या अवघड वाटेवर पांढरी-लाल-पांढरी खूण असते, त्याहून अवघड वाटेवर पांढरी-निळी-पांढरी. शासन सांगतं की पुढे काय आहे, मग जायचं की नाही ते तुम्ही ठरवा आणि ठरवलं की त्याची जबाबदारीही तुमची.

एवढं वाचून मावसभाऊ म्हणेल, "झालं तुझं सुरू, तिकडे सगळं छान." तसं मी म्हणत नाहीये. वेर्झास्कात माणसं बुडतात. फलक वाचूनही बुडतात, तरणीताठी बुडतात. एक कोटीही लोकसंख्या नसलेल्या या देशात वर्षाला चाळीस-पन्नास जण पाण्यात जीव गमावतात. काही वर्षांपूर्वी या दरीचा एक व्हिडिओ इटलीत इतका पसरला की अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि स्थानिक लोक हैराण झाले. आता गाडी लावायला पैसे मोजावे लागतात. ते मला योग्यच वाटतं.

शिवाय दोन्हीकडच्या पावसाची बरोबरी नाही. वेर्झास्काच्या दरीजवळचं लोकार्नो हा स्वित्झर्लंडमधला भरपूर पावसाचा भाग, तरी तिथे वर्षभरात साधारण १९०० मिलिमीटर पडतो. लोणावळ्यात चार महिन्यांत त्याच्या दुपटीहून जास्त कोसळतो. सह्याद्रीचे ओढे आखूड आणि उभ्या उताराचे. माथ्यावर सर आली की अर्ध्या तासात खालचा ओहोळ ओळखू येत नाही. इथे लोक नदीवर जातात ते कोरड्या, उन्हाच्या दिवशी. आपण नेमके पाऊस पडत असताना जातो, कारण आपला धबधबा तेव्हाच असतो. त्यामुळे इथली व्यवस्था उचलून तिथे ठेवली की झालं, असं कुणी म्हणत असेल तर त्याने आषाढातला भुशी डॅम पाहिलेला नाही.

३० जून २०२४ हा दिवस माझ्या मनातून जात नाही. त्या रविवारी भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. आदल्या रात्री, २९ ते ३० जूनच्या दरम्यान, वेर्झास्काच्या शेजारच्याच माज्जा नदीच्या दरीत वादळी पाऊस झाला, दरडी आल्या, विस्लेत्तोचा पूल कोसळला, इथेही माणसं गेली. सकाळपासून मी दोन्हीकडच्या बातम्या वाचत होते. निसर्गापुढे श्रीमंत देशाचंही चालत नाही, हे त्या दिवशी दिसलंच.

फरक पुढच्या दिवसांत दिसला. माज्जाच्या दरीत लष्कराने तात्पुरता पूल उभारला आणि लोक नदीबद्दल बोलू लागले. पात्राला किती जागा सोडायची, कुठली घरं पुन्हा बांधायची नाहीत, सूचना कुणापर्यंत पोचली नाही. आपल्याकडे दोनच दिवसांत जिल्ह्यातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर जुलैअखेरपर्यंत बंदी आली. काठावरच्या काही टपऱ्या हटवल्या गेल्या. मेलेल्यांनी एवढं पुढे जायलाच नको होतं, असं लोक चॅनेलवर म्हणाले. त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र किती, वर पाऊस झाल्यावर पाणी खाली यायला किती वेळ लागतो, ते वाढताना आधी कोणत्या खुणा दिसतात, हे कुठेच कुणी सांगितलं नाही. त्या कुटुंबाला तरी ते कुणी सांगितलं होतं? पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पालापाचोळा यायला लागला, आवाज बदलला की तिथून निघायचं, एवढी एक गोष्ट माहीत असती तर त्यांना काही मिनिटं मिळाली असती. मला हे राहून राहून वाटतं.

आणि हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही. माझे वडील जुन्नरकडचे. पाठीला पत्र्याचा डबा बांधून ते विहिरीत पोहायला शिकले, त्यांच्या आधीची पिढी पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा किंवा सुका भोपळा बांधायची. थोरली मुलं आधी स्वतः मुटका मारून तळ पाहून यायची, मग धाकट्यांना उतरवायची. कुठल्या डोहात भोवरा आहे, पहिल्या पुरात कुणी उतरायचं नाही, हे गावात प्रत्येकाला ठाऊक असायचं. मग आम्ही शहरात आलो. विहिरी बुजल्या किंवा त्यांत कचरा गेला, तरण तलावाची फी सगळ्यांना परवडत नाही, आणि दोन पिढ्यांत पोहता न येणारी, पण पाण्याची ओढ मात्र तशीच असलेली लाखो माणसं तयार झाली. शनिवार-रविवारी एक्स्प्रेस वेवरून तीच उतरतात. त्यांना हुल्लडबाज म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यांतले बहुतेक जण वर्षातून एकदा बायकामुलांना घेऊन भिजायला आलेले असतात.

आजही जाणकार आहेतच. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था वर्षानुवर्षं दऱ्यांतून आणि धबधब्यांतून माणसं बाहेर काढते आहे. दुर्दैवाने बऱ्याचदा मृतदेहच काढावे लागतात. त्यांतल्या कुणालाही विचारा, कुठल्या जागी किती पाणी असताना माणूस पडतो हे ते नेमकं सांगतील. पण अपघात झाल्यावर आपण त्यांना बोलावतो, आदेश लिहिताना नाही.

फलक लावले की झालं, असंही नाही. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चौघे गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. ज्या पुलावर जाऊच द्यायचं नाही तो पूल फलकाने नाही, कुलपाने बंद करावा लागतो. तिथे मी पूर्णपणे बंदीच्या बाजूची आहे. माझा विरोध आहे तो सरसकट बंदीला. चाळीस ठिकाणं एका कागदावर, एकाच तारखेला बंद करणारी बंदी कोरड्या मंगळवारीही लागू असते. म्हणून लोक ती मानत नाहीत, पोलिसाच्या नजरेआड मागच्या वाटेने जातात, आणि मागची वाट नेहमी जास्त धोक्याची असते.

मला हवं आहे ते फार अवघड नाही. भुशी, कुंडमळा, देवकुंड, ताम्हिणी अशा प्रत्येक जागेसाठी ओढ्याच्या वरच्या अंगाला पर्जन्यमापक आणि काठावर रंगवलेली पाणीपातळीची पट्टी असावी. पाणी एका रेघेच्या वर गेलं की जागा बंद, खाली आलं की उघडी, आणि ही रेघ वाहनतळापासून सगळ्यांना दिसावी. बंद-उघड करण्याचा अधिकार त्याच गावातल्या, प्रशिक्षण दिलेल्या मुलामुलींकडे असावा. त्यांना जून ते सप्टेंबर पगार मिळावा आणि तो गाड्या लावण्याच्या पैशातून निघावा. भजीच्या गाड्या हटवण्याऐवजी त्या गाडीवाल्यांनाच दोरी फेकायला आणि बुडालेल्याला श्वास द्यायला शिकवावं, दिवसभर काठावर तेच तर असतात. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत, जिथे तलाव नाही तिथे गावच्या स्वच्छ विहिरीत किंवा शेततळ्यात, ती एक मिनिट तरंगण्याची चाचणी सुरू व्हावी. पुढचा पाऊस यायच्या आत हे निदान एका तालुक्यात करून बघावं. मावळातच करावं, तिथे करणारी माणसं आधीपासून आहेत.