तात्काळ परिणाम नाही म्हणे!

एका पाणथळ जागेवर भराव घालण्याच्या प्रस्तावाचा अहवाल आज वाचला, आणि 'परिसरावर तात्काळ कोणताही विपरीत परिणाम संभवत नाही' या त्यातील एका वाक्याने दिवसभर डोके भणभणते आहे.

तात्काळ परिणाम होतच नसतो! आमच्या घरामागची दलदल बुजवली, तेव्हाही पहिली काही वर्षे काहीच बिघडले नाही. उलट डास कमी झाले, सपाट जमीन मिळाली आणि सगळे खूश होते. पाया खणताना निघालेली काळीभोर माती मी हातात घेऊन पाहिली होती, तिच्यात गोगलगायींचे पांढरे शंख खच्चून भरलेले होते. पुढे विहिरीचे पाणी वर्षागणिक खाली जाऊ लागले, मग मोठ्या पावसात घरांत पाणी शिरू लागले, आणि तोवर या दोन्ही गोष्टींचा त्या भरावाशी संबंध लावणारे कोणी उरले नव्हते.

इंग्लंडमधील होम फेन या दलदलीचा १८५० च्या सुमारास निचरा केला, तेव्हा तिथे गाडलेल्या खांबाचे टोक जमिनीच्या पातळीत होते. आज तोच खांब सुमारे ४ मीटर उघडा पडला आहे. पाणी काढून घेतले की शतकानुशतके साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींना हवा लागते, त्यांच्यातला कार्बन वातावरणात जातो आणि जमीन पिढ्यान्‌पिढ्या खचत राहते.

माणसांना घरे हवीत, शेती हवी, हे मान्य. पण 'भरपाई म्हणून दुसरीकडे तळे खोदू' हे ऐकले की संताप होतो. खड्ड्यात पाणी साठेल हो, पण ती शंखांची काळी माती कुठून आणणार?

निसर्ग फुकटात करतो त्या कामाची किंमत वेळेवर ओळखणारेही असतात, एवढाच दिलासा. न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या करारानुसार कॅट्सकिल डोंगरांतील पाणलोट क्षेत्र राखण्यावर पैसा घातला, कारण पाणी गाळण्याचा प्रकल्प उभारणे त्याहून कितीतरी महाग पडले असते.

आमच्या विहिरीचा हिशेब मात्र कोणीच मांडला नाही. म्हणून अहवाल लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, ३० वर्षांनी कोणाची विहीर आटेल आणि कोणाच्या घरात पाणी शिरेल, ते आधी लिहा आणि त्या माणसांसमोर वाचून दाखवा. परवानगीचे मग बोलू.