तोलेदोचा चढ नकाशात दिसत नाही

'मोबाईलवर नकाशा असला की तोलेदो अर्ध्या दिवसात पायी आरामात होतं' हे स्पेनमधल्या या गावावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचून माझे गुडघे पुन्हा बोलायला लागले! तीन बाजूंनी ताहो नदी आणि मध्ये टेकडीवर गाव. नकाशात पाच मिनिटांची दिसणारी वाट म्हणजे गुळगुळीत गोट्यांचा चढ. उंच भिंतींच्या बोळात तो निळा ठिपका भलत्याच गल्लीत उडी मारतो, ते वेगळंच. आईला घेऊन आम्ही आल्कांतारा पुलावरून वर निघालो. थोकोदोवेर चौक येईपर्यंत तिने तीनदा पायऱ्यांवर बसकण मारली. बिसाग्रा वेशीजवळून वर नेणारे सरकते जिने आहेत हे आम्हाला कळलं उतरताना. ही एक ओळ लेखात हवीच होती.

आणि क्रिस्तो दे ला लूसची मशीद कशी काय गाळली? इ.स. 999 मधली, एखाद्या देवळाच्या सभामंडपाएवढीच, पण छताचे नऊ भाग आणि प्रत्येकाची नक्षी निराळी. दर्शनी भिंतीत विटांचीच कुफी (जुन्या कोनदार अरबी लिपीतली) अक्षरं बसवलीत. पुढे तिचं चर्च झालं. सान्ता मारिया ला ब्लांका हे मूळचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्याचंही चर्चच झालं, आतल्या पांढऱ्या नालाकृती कमानी मात्र थेट मशिदीच्या. वेळ कमी असेल तर कॅथेड्रलच्या रांगेआधी मी या दोन ठिकाणी जाईन. आई तिथे खांबांकडे बघत बसली ती उठेचना.